रोग रेड्याला, ग्राफिक्स कार्ड पखालीला

या वेळचं पत्र एका कॉलेजात शिकणाऱ्या वाचक मैत्रिणीचं आहे. थोडं कापून देते:

‘ताई, आमच्या घरी २०१५ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. इंटेलचा आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. दोन वर्षांनी त्यात जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकलं. मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून खेळतो. गेम सुरुवातीला बरा चालतो, पण वीसेक मिनिटांनी अडखळायला लागतो. शिवाय गाडी घेऊन नव्या भागात शिरलं की अर्धा सेकंद सगळं थिजतं आणि मग पुढे सरकतं. मित्र म्हणतात, कार्ड म्हातारं झालं, नवं टाक. भावाने दोन ‘गेम बूस्टर’ टाकून पाहिले, एकदा फॉरमॅटही मारलं, फरक शून्य. साठवलेल्या पैशांत एकच काहीतरी घेता येईल. कार्ड घेऊ का?
ता. क. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात असतो आणि खेळताना खूप घोंगावतो. बाबा म्हणतात, गेम खेळूनच तो बिघडला. खरं आहे का?
– अडखळणारी’

प्रिय अडखळणारी,

कार्ड घेऊ नकोस. निदान या महिन्यात तरी नको.

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तू ता. क. मध्ये ढकलली आहेस. कप्पा आणि घोंगावणं. ‘वीसेक मिनिटांनी’ हा शब्दप्रयोगही तू सहज लिहून गेलीस, पण कार्ड कमी ताकदीचं असेल तर ते पहिल्या मिनिटापासून कमी पडतं. वीस मिनिटं नीट पळून मग धापा टाकत नाही. वीस मिनिटं लागतात ती तापायला. दुसरी तक्रार, नव्या भागात शिरल्यावर थिजण्याची, ही तर वेगळ्याच अवयवाची आहे. म्हणजे आजार दोन आहेत, आणि मित्रांनी ज्याच्यावर बोट ठेवलंय ते कार्ड बहुधा दोन्हींतून निर्दोष सुटेल.

आधी तापाचं बघू. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, तुझ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तुझा आय५ एरवी ३.३ गिगाहर्ट्झवर चालतो, गरजेला ३.७ पर्यंत चढतो. थ्रॉटलिंग सुरू झालं की हा आकडा धाडकन खाली येतो, पडद्यावर हालचाल तुटते, थोडं गार झालं की पुन्हा सुरळीत, पुन्हा तुटते. तुला हे ओळखीचं वाटत असेल.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक भागाचं तापमान आणि वेग दाखवतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे दुसरं, तेही फुकट. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं आणि खेळता खेळता पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. एकाच सेव्हपासून अर्धा तास खेळ. पाचव्या मिनिटाला प्रोसेसरचं तापमान आणि वेग वहीत लिही, तिसाव्या मिनिटाला पुन्हा लिही. मग डबा कप्प्यातून बाहेर काढ (आपण सगळे त्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतो, खरं तर सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, त्यामुळे या पत्रात मी मुद्दाम डबा म्हणतेय), बाजूचं पॅनेल उघड, समोर साधा टेबलफॅन लाव आणि तोच अर्धा तास पुन्हा खेळ. विसाव्या मिनिटाचं अडखळणं गेलं असेल तर निदान झालं, आणि खर्च काहीच नाही. पॅनेल उघडं ठेवून खेळणं हा मात्र कायमचा इलाज नव्हे. ती फक्त चाचणी.

निदान पक्कं झालं की साफसफाई. ही जबाबदारी भावाला दे, बूस्टर टाकण्यातला उत्साह इथे सत्कारणी लागेल. वायर भिंतीतून काढायची, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कुठली वायर कुठे आहे याचे आधी फोटो काढायचे. मऊ ब्रश आणि दाबून भरलेल्या हवेचा फवारा पुरतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ साचून नमद्यासारखा थर बसलेला असतो, खरा गुन्हेगार तो. पॉवर सप्लायचा डबा मात्र बाहेरूनच साफ करायचा. तो उघडायचा नाही. त्यातले कपॅसिटर वायर काढल्यानंतरही विजेचा दणका देऊ शकतात.

धूळ काढूनही तापमान नव्वदीच्या वरच राहत असेल तर बहुधा थर्मल पेस्ट वाळली आहे. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा कूलर यांच्यामधल्या बारीक फटी भरणारी ही पेस्ट, दहा वर्षांत तिची खपली होते. नवी ट्यूब अगदी किरकोळ वस्तू आहे. कूलर काढण्याआधी कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं चालवून थोडा गरम करायचा, मग बंद करून वायर काढायची, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होऊन कूलर सहज सुटतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसायचे, मधोमध वाटाण्याहून लहान थेंब ठेवायचा, बोटाने पसरवायचा नाही. प्रोसेसरबरोबर आलेला मूळचाच कूलर असेल तर त्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने, तिरप्या रेषेत दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. हे इतकं बारकाईनं सांगतेय कारण माझ्या एका जुन्या कॉम्प्युटरची एक खुंटी मीच अर्धवट बसवली होती. कूलर एका बाजूने केसभर उचललेला होता आणि मी दोन महिने ड्रायव्हर (कार्ड वगैरे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बदलत बसले होते. फॉरमॅट दोनदा मारलं होतं, तुझ्या भावाला सांग.

आणि डबा पुन्हा त्या कप्प्यात ठेवायचा नाही. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. कप्प्यात ती फिरून पुढून परत आत ओढली जाते. टेबलावर जागा नसेल तर टेबलाच्या शेजारी, जमिनीपासून थोडा वर, मागे वीतभर मोकळी जागा सोडून.

आता दुसरा आजार. मोकळ्या जगाच्या गेममध्ये तू गाडी पळवतेस तेव्हा पुढचे रस्ते, इमारती, माणसं हे सगळं डिस्कवरून सतत उचललं जात असतं. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावर एक वाचणारं टोक सरकतं. हवी ती जागा गाठायला त्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. आता हिशेब कर. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. डिस्कची एक उडी म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ गेला, आणि नव्या भागात शिरताना अशा उड्या एक नाही, शेकड्यांनी लागतात. बहुतेक गेम हे काम पार्श्वभूमीला उरकतात, पण डिस्क मागे पडली की शेवटी सगळ्यांना तिच्यासाठी ताटकळावं लागतं. तो तुझा अर्धा सेकंद. एसएसडी ही चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, तिथे हीच उडी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते.

पण लगेच एसएसडी मागवू नकोस, एक गोष्ट तपासायची राहिली. ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघड आणि परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी बघ. ती नव्वद-पंचाण्णव टक्के भरलेली असेल आणि शेजारी डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर विंडोज रॅममध्ये न मावणारा माल डिस्कवर नेऊन टाकतंय आणि लागेल तसा परत आणतंय. तेव्हा दोष रॅमचा, मार खातेय डिस्क. त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांच्या किती खाचा वापरल्या, असं लिहिलेलं दिसेल. तिथे दोनपैकी एक असं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि आनंदच होईल. एकाच पट्टीवर चालणारा कॉम्प्युटर म्हणजे दुपदरी रस्त्याचा एक पदर बंद. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती देऊ शकते, दोन योग्य खाचांत बसवल्या की २५.६. गर्दीच्या दृश्यात, जिथे प्रोसेसर दमतो, तिथे याचा फरक पडतो.

म्हणून साठवलेल्या पैशांचा निर्णय असा: मेमरी गच्च भरत असेल तर आधी ८ जीबीची दुसरी पट्टी. भरत नसेल तर आधी एसएसडी. दोन्ही जमलं तर उत्तम, सहसा दोन्ही मिळूनसुद्धा नव्या कार्डाच्या किमतीच्या खाली बसतं. पट्टी घेताना डीडीआर३ च घ्यायची, डीडीआर४ तुझ्या मदरबोर्डाच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाच्या, खाचेत बसतच नाही. शक्यतो आहे त्याच वेगाची. एसएसडी अडीच इंची, साटा जोडणीची. ती सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, आणि तुझ्या काळातल्या बोर्डांवर काही साटा जोडण्या हळू तर काही वेगवान असतात, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेत ६ गिगाबिटवाली बघून तीतच लाव. विंडोज आणि जो गेम सध्या खेळताय तो एसएसडीवर, बाकी पसारा जुन्या डिस्कवर. एक अपेक्षा मात्र आधीच मोडते: एसएसडीने एफपीएसचा आकडा फारसा वाढणार नाही. थिजणं जाईल, लोडिंग पटकन होईल, आकडा जवळपास तोच राहील. भाऊ म्हणेल, काहीच फरक नाही. त्याला आकडा झाकून खेळायला बसव.

जुन्या डिस्कचं आरोग्यही बघून घे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कचा स्वतःचा अहवाल वाचून दाखवतं. तिथे ‘कॉशन’ लिहिलेलं असेल तर गेम विसर, आधी घरातले फोटो दुसरीकडे हलव.

एवढं झाल्यावर कार्डाची उलटतपासणी, कारण तुझे मित्र शेवटी याच मुद्द्यावर येणार. गेम नेहमीच्या १९२० बाय १०८० वर चालव, एका जागी उभी राहा, एफपीएस लिही. मग रिझोल्यूशन १२८० बाय ७२० कर, तीच जागा, तीच नजर, पुन्हा लिही. पहिल्यात कार्डाला दर चित्रामागे २० लाख ७३ हजार ठिपके रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९ लाख २१ हजार. काम निम्म्याहून कमी झालं. एफपीएस भरभर वाढले, तर हो, कार्ड अडवत होतं. जागचे हलले नाहीत, तर कार्ड आधीपासूनच रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं, आणि नवं आणलंस तर तेही तसंच बसेल, फक्त जास्त ऐटीत. तुझ्या आय५ ला चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. माणसांनी गजबजलेल्या शहराच्या गेममध्ये ते चारही शंभर टक्क्यांना टेकलेले दिसले तर हेच समज.

कार्ड अडवत असेल तर सेटिंगमध्ये हात घालायचा. सगळं ‘लो’ करून टाकणं हा आळशीपणा, गेम उगाच कुरूप होतो. सावल्या, धुकं आणि प्रकाशाचे झोत, कोपऱ्यांतला अंधार दाखवणारं ॲम्बियंट ऑक्ल्यूजन, आरशासारखी प्रतिबिंबं, आणि कडा गुळगुळीत करणारं एमएसएए असेल तर ते. हे पाच खादाड. ते एक-एक पायरी खाली आण. टेक्स्चर मात्र उगाच उतरवू नकोस. ते कार्डाच्या ४ जीबी मेमरीत मावत असतील तर वेगाला फारसे धक्का लावत नाहीत, आणि दिसण्यातला सगळ्यात मोठा फरक तेच पाडतात. मावेनासे झाले की मात्र लगेच धक्के बसतात, तेव्हा एक पायरी उतर. गेममध्ये एफएसआर दिसलं तर सुरू करून बघ. एएमडीचं हे तंत्र २०२१ मध्ये आलं आणि तुझ्या एनव्हिडियाच्या जुन्या कार्डावरही चालतं. क्वालिटी मोडमध्ये ते चित्र १२८० बाय ७२० वर काढून १०८० पर्यंत ताणतं. लांबची पानं, तारा थोड्या चुरचुरतात, पण खेळताना मन रमतं. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या अशाच तंत्राच्या मागे लागू नकोस, त्याला आरटीएक्स मालिकेचं कार्ड लागतं.

प्रोसेसर अडवत असेल तर एमएसएए किंवा ॲम्बियंट ऑक्ल्यूजन कमी करून फार काही हाती लागत नाही. तिथे रस्त्यावरची गर्दी, वाहनांची संख्या आणि किती लांबपर्यंतचं दिसावं ते कमी करायचं. मागे उघडा राहिलेला ब्राउझर बंद करायचा. विंडोज आणि जी दाबून येणाऱ्या गेम बारमध्ये पार्श्वभूमीला रेकॉर्डिंग चालू नाही ना, ते बघायचं. कुणी नकळत चालू केलेलं असतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो.

फ्रेमला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसावीत त्याला, मर्यादा घालणं ही माझी सगळ्यात आवडती युक्ती, आणि ती कुणालाच पटत नाही. ३५ ते ५८ मध्ये झोके घेणारा गेम डोळ्यांना जितका त्रास देतो तितका स्थिर ३० देत नाही. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असावा. त्यावर ३० म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं, ठेका चुकत नाही. ४५ ला काही चित्रं एकदा आणि काही दोनदा दिसतात, म्हणून मोठा आकडा असूनही लंगडल्यासारखं वाटतं. हलक्या गेमला ६० वर बांध, जड गेमला ३० वर. यंत्र कमी तापेल, हा वरचा फायदा. समोरच्यावर गोळ्या झाडायच्या ऑनलाइन गेममध्ये मात्र हे करू नकोस, तिथे ३० वर हात आखडल्यासारखे होतात.

आणखी एक हास्यास्पद शक्यता, पण तपासच. मॉनिटरची केबल कार्डाच्या जोडणीत आहे ना? ती बोर्डाच्या जोडणीत खोचलेली असेल तर बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये कार्ड मजेत झोपा काढतं आणि सगळं ओझं प्रोसेसरमधल्या इवल्याशा ग्राफिक्सवर पडतं. साफसफाईनंतर केबल परत लावताना ही चूक हमखास होते.

बूस्टर दोन्ही काढून टाक. रजिस्ट्री साफ करणारी, रॅम ‘मोकळी’ करणारी सॉफ्टवेअरं स्वतःच मेमरी अडवून बसतात. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या चार करा, हा सल्लाही कुणीतरी देईलच. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं, ती खूण फक्त संख्या कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. पेज फाइल, म्हणजे रॅममध्ये न मावणारा माल ठेवायची डिस्कवरची जागा, बंद करू नका, ८ जीबीवर तर गेम मधूनच कोसळेल. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा चढवण्याचे, व्हिडिओ बघून जीव टाकू नका, तुमच्या ४५९० च्या नावापुढे ‘के’ नाही, त्याचा गुणक कुलूपबंद आहे. ड्रायव्हर एकदा स्वच्छ पुसून नवा टाकणं ठीक, पण दर महिन्याला नव्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमच्या कार्डाच्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं.

विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि पुढचीच घेतली जाते. तुमची चौथी. मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय काढली, ती चालू असेल तर तिच्यात नाव नोंदव. नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. स्टीम या गेमच्या दुकानाच्या प्रोटॉन या सोयीमुळे विंडोजचे कितीतरी गेम तिथे चालतात. मात्र काही ऑनलाइन गेमची, खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा लिनक्सला दारातच अडवते. तुझ्या मित्रांचा गेम त्यातला असेल तर तो मार्ग बंद.

हे सगळं करूनही मन भरलं नाही, आणि चाचणीत कार्डच अडवतंय असं निघालं, तर मग कार्डाचा विचार. पण तेव्हा पॉवर सप्लाय बघ. तुमचं १०५० टीआय ७५ वॉटचं आहे, बहुतेकदा बोर्डाच्या खाचेतूनच त्याला तेवढी वीज मिळते. मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते, आणि दहा वर्षं जुना, नाव-गाव नसलेला पॉवर सप्लाय त्या ओझ्याखाली काय करेल ते सांगता येत नाही. प्रोसेसर अडवतोय असं निघालं तर त्याच सॉकेटमध्ये आय७-४७९० बसू शकतो. चार कोअर, पण आठ थ्रेड. तो आता जुन्या बाजारातच मिळतो. तुमचा बोर्ड तो घेतो का, हे बोर्डाच्या यादीत बघूनच. यापलीकडे या कॉम्प्युटरवर पैसे घालू नका. काही नवे गेम रे ट्रेसिंगवालं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारं) कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत, त्यांच्यासाठी पुढच्याच कॉम्प्युटरची वाट बघायची.

आता बाबांचं. गेममुळे कॉम्प्युटर बिघडत नाही, तो गेममुळे तापतो, आणि तापलेली हवा त्या कप्प्यातून बाहेर जात नव्हती. तेव्हा ते अर्धे बरोबर आहेत. डबा कप्प्यात कुणी ठेवला होता, हे मी विचारत नाही. पण साफसफाईच्या आधीचा आणि नंतरचा तापमानाचा आकडा वहीत लिहून ठेवलाच आहेस, तर ते पान त्यांना दाखव. रॅमच्या दुसऱ्या पट्टीचा विषय त्यानंतर काढ.